ऑकलंडची एक माशी आणि गोव्याचा मानकुराद

न्यूझीलंडमधील ऑकलंड शहराच्या दक्षिणेस पापाटोएटोए नावाचे उपनगर आहे. भारतीय वंशाच्या लोकांची तेथे मोठी वस्ती आहे. जानेवारी २०२५ च्या आरंभी तेथील एका फळझाडाला टांगलेल्या सापळ्यात एक माशी सापडली. एकच, आणि तीही नर. तिची ओळख पटताच सरकारी यंत्रणेने त्या झाडाभोवती दोन वर्तुळे आखली, एक २०० मीटर त्रिज्येचे आणि दुसरे १,५०० मीटरचे. वर्तुळाबाहेर अख्खे ताजे फळ किंवा फळभाजी नेण्यास मनाई झाली. घरोघरच्या फळांच्या सालींसाठी व खरकट्यासाठी वेगळे डबे ठेवण्यात आले. आसपास जादा सापळे लागले, प्रयोगशाळेत फळे कापून अळ्यांचा शोध घेण्यात आला. दुसरी माशी वा अळी आढळली नाही, तेव्हा निर्बंध उठले. पुढच्याच महिन्यात शहराच्या उत्तरेकडील बर्कडेल उपनगरात पुन्हा एक नर सापडला आणि हा सारा खटाटोप पुन्हा पहिल्यापासून झाला.

गोमंतकीय वाचकाला हे वाचून हसू यावे. कारण ती माशी कोणी अनोळखी नव्हती. शास्त्रज्ञ तिला बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस म्हणतात. मेअखेरीस पिकलेला मानकुराद कापताना ज्या पांढऱ्या, वळवळणाऱ्या अळ्या सुरीखाली येतात, त्यांची आई तीच. तेथे एका माशीसाठी अख्खे उपनगर वेठीस धरले गेले. येथे एका झाडाखाली पडलेल्या आंब्यांतून तशा शेकडो निपजतात आणि कोणी मान वर करून पाहत नाही.

या फरकाचे पहिले कारण सरळ आहे. ही माशी दक्षिण आणि आग्नेय आशियाची रहिवासी. न्यूझीलंडमध्ये ती परकी. तेथील सफरचंद, किवी आणि इतर फळांचा व्यापार ‘आमच्या देशात ही माशी नाही’ या एका वाक्यावर उभा आहे. देशभर टांगलेले सुमारे ८,००० सापळे त्या एका वाक्याचा पुरावा गोळा करीत असतात. तो पुरावा नाहीसा झाला, की दुसऱ्या दिवशी बाजारपेठा दार लावून घेतात. गोव्याला असे वाक्य म्हणता येणार नाही. पण म्हणून येथे काहीच करता येण्याजोगे नाही, हा जो सोयीचा समज रूढ झाला आहे, तो मात्र तपासून पाहण्यासारखा आहे.

ऑकलंडच्या त्या सापळ्यातील आमिषाची कथा मुळात भारतातली आहे. गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत फ्रँक हाऊलेट नावाचे कीटकशास्त्रज्ञ काम करीत. सिट्रोनेला तेलाकडे फळमाशा झुंडीने धावतात आणि त्या साऱ्या नर असतात, हे त्यांच्या लक्षात आले. १९१२ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यामागचे द्रव्य मिथाइल युजेनॉल हे असल्याचे दाखवून दिले. हेच द्रव्य तुळशीतही असते. अंगणातल्या वृंदावनाशी आंब्याच्या हंगामात घोंघावणाऱ्या माशा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. आज कॅलिफोर्नियापासून ऑकलंडपर्यंत या माशीवर पाळत ठेवणारा जवळजवळ प्रत्येक सापळा हाऊलेट यांच्या त्या निरीक्षणावर चालतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘रक्षक सापळा’ही त्याच वंशातला.

या आमिषाचे एक मर्म मात्र सापळा विकत घेणाऱ्याला बहुधा कोणी नीट सांगत नाही. त्याकडे येतो तो फक्त नर. फळाच्या सालीखाली अंडी घालणारी मादी त्या वासाला बधत नाही. ती आपल्या आयुष्यात हजाराहून अधिक अंडी घालू शकते. दीड-दोन दिवसांत अळी बाहेर येते, गर खाऊन पोसते, फळातून उडी मारून मातीत शिरते आणि तेथे कोष करते. उष्ण हवेत हे सारे चक्र तीन-चार आठवड्यांत पुरे होते. सापळ्यात नरांचा खच पडला, तरी बाहेर उरलेला थोडा जथा पुष्कळ माद्यांना पुरतो. म्हणून नर मारून माशी हटवायची, तर जवळजवळ सारेच नर, समागमाआधी आणि एकाच वेळी सर्वत्र मारावे लागतात. अर्धवट केलेल्या या कामाला फळ नाही. उलट एकट्याने सापळे लावणारा बागायतदार शेजारच्या बागेतले नरही आपल्याकडे बोलावून घेतो, माद्या मात्र जिथल्या तिथे राहतात.

कॅलिफोर्नियाने २०२३ आणि २०२४ या दोन वर्षांत नेमका हाच धडा मोठी किंमत देऊन गिरवला. त्या काळात तेथे एकाच वेळी निरनिराळ्या जातींच्या परदेशी फळमाशा उपटल्या. लॉस एंजेलिसच्या उत्तरेस टाऊ फळमाशी, थाउजंड ओक्समध्ये क्वीन्सलँडची माशी, शिवाय भूमध्य सागरी माशी आणि आपली ही पूर्वेकडची. प्रवाशांच्या सामानातून किंवा टपालाने चोरून आलेली फळे हे त्याचे मुख्य कारण मानले गेले. यांपैकी सर्वांत चिवट लढाई झाली ती सॅन बर्नार्डिनो काउंटीतल्या रेडलँड्स शहरात, संत्र्यांच्या बागांसाठी नावाजलेल्या गावात.

तेथील कृषी खात्याची रीत पाहण्यासारखी आहे. माशी सापडली की प्रथम तिचा पसारा किती, हे ठरवण्यासाठी सभोवार दाट सापळे लावतात. मग मिथाइल युजेनॉल आणि स्पिनोसॅड हे मातीतील जिवाणूपासून मिळणारे कीटकनाशक यांचा लेप विजेच्या खांबांवर व रस्त्याकडेच्या झाडांवर, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर, एका चौरस मैलाला सुमारे ६०० ठिकाणी लावतात. जेथे अळ्या किंवा गर्भार माद्या सापडतील, तेथे आसपासच्या घरांच्या झाडांवर प्रथिनयुक्त आमिषाची फवारणी होते, कारण अंडी घालण्यापूर्वी मादीला प्रथिने हवी असतात आणि तेवढ्याच लोभाने ती फसते. आणि हेही पुरेसे ठरले नाही, तर फळे उतरवतात.

रेडलँड्समध्ये तेच झाले. २०२४ च्या आरंभी खात्याची माणसे गल्लीगल्लीतून फिरली आणि २,००० हून अधिक घरांच्या परसातील झाडांवरची फळे, कच्ची असोत वा पिकलेली, काढून घेऊन गेली. झाडे ठेवली, फळे नेली. ज्यांच्या झाडावर एकही माशी कधी दिसली नव्हती, त्यांचीही नेली. लोकांची नाराजी होणारच होती. आजोबांनी लावलेल्या संत्र्याच्या झाडावरचे फळ सरकारी माणसाने पिशवीत भरून न्यावे, हे कोणाला रुचेल? पण माशीला चक्र पुरे करायला फळच न मिळाल्याने तिची साखळी तुटली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने या साऱ्या प्रादुर्भावांचे निर्मूलन झाल्याचे जाहीर केले.

या यशामागे एक जुनी राजकीय जखम आहे, ती ध्यानात घेतल्याशिवाय त्यातली तत्परता कळत नाही. १९८० ते १९८२ या काळात कॅलिफोर्नियात भूमध्य सागरी माशीने थैमान घातले, तेव्हा राज्यपाल जेरी ब्राउन यांनी वस्तीवर विमानाने मॅलेथिऑन फवारायला प्रथम नकार दिला. पर्यावरणवाद्यांचा विरोध आणि नागरिकांचे भय ही त्याची कारणे होती, आणि ती खोटी नव्हती. परंतु तोवर माशी पसरत गेली. केंद्र सरकारने साऱ्या राज्याच्या शेतमालावर बंदीची धमकी दिली, तेव्हा जुलै १९८१ मध्ये विमाने उडाली. औषध निर्धोक आहे हे पटवण्यासाठी राज्याचे एक अधिकारी बी. टी. कॉलिन्स यांनी मॅलेथिऑन मिसळलेले पाणी सर्वांसमक्ष पिऊन दाखवले होते. त्या तमाशातून राज्याने घेतलेला बोध असा, की माशी एक-दोन असताना हालचाल केली तर खांबावरच्या लेपावर भागते. उशीर झाला तर विमान लागते.

उशीर म्हणजे काय, हे आफ्रिकेने पाहिले. २००३ मध्ये केनियाच्या किनाऱ्याजवळ एक अपरिचित फळमाशी आढळली. ती मूळची श्रीलंकेकडची असावी असे दिसले आणि २००५ मध्ये नवी जात म्हणून तिला ‘इन्व्हेडन्स’, म्हणजे आक्रमक, असे नाव मिळाले. काही वर्षांतच सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेक देशांत ती पोचली. दहा वर्षांनी आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञांच्या एका मोठ्या गटाने सर्व पुरावे पडताळून निष्कर्ष काढला, की ही नवी जात नव्हेच. ही आपलीच डॉर्सॅलिस. तोवर केनियाच्या आंब्याचे नुकसान होऊन गेले होते. युरोपने बंदी घालण्यापूर्वीच केनियाने २०१४ मध्ये स्वतःहून युरोपची आंबानिर्यात थांबवली. ती पुन्हा सुरू व्हायला २०२१ उजाडले.

मधली सात वर्षे केनियाने काय केले, हे गोव्याच्या दृष्टीने ऑकलंडपेक्षा अधिक उपयोगाचे आहे. माशी देशातून हाकलता येणार नाही, हे त्यांनी मान्य केले. मग माक्वेनीसारख्या आंबापट्ट्यात काही भाग असे निवडले, की जेथे सर्व शेतकरी मिळून सापळे लावतील, पडलेली फळे गोळा करून नष्ट करतील आणि माशीची संख्या नियमित मोजली जाईल. देश माशीमुक्त नाही, पण हा तुकडा कमी माशीचा आहे, असे आकड्यांनिशी दाखवता आले पाहिजे, ही त्यामागची दृष्टी.

जपानच्या ओकिनावा बेटांची कहाणी या दोन्हींच्या मधली. वेलवर्गीय भाज्यांवर पडणारी फळमाशी तेथे होती म्हणून ओकिनावाचे प्रसिद्ध कारले जपानच्या मुख्य भूमीवर नेता येत नसे. १९७२ मध्ये तेथे किरणोत्साराने वांझ केलेले नर सोडून तिचे निर्मूलन करण्याची मोहीम हाती घेण्यात आली. मादी वांझ नराशी जुगली, की तिची अंडी फुकट जातात. १९९३ मध्ये ती माशी तेथून नामशेष झाली. एकूण सोडलेल्या वांझ माशांची संख्या सुमारे ५,३०० कोटी. एवढे करूनही २०२४ मध्ये टाऊ फळमाशी तेथे शिरलीच आणि एप्रिल २०२५ पासून कारले-काकडीच्या वाहतुकीवर पुन्हा निर्बंध आले. निर्मूलन म्हणजे एकदा जिंकून निजण्याची लढाई नव्हे.

आता घरच्या अंगणात यावे. फळमाशीपायी भारताला बसलेला सर्वांत मोठा चटका म्हणजे १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने हापूससह आंबा, वांगी, कारले, पडवळ आणि अळू या पाच जिनसांवर घातलेली बंदी. २०१३ मध्ये भारतातून गेलेल्या फळे-भाज्यांच्या २०७ मालखेपांत फळमाश्यांसह निरनिराळ्या किडी सापडल्या, हे त्याचे कारण. आंब्यावरची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, ती अटींवर. तेव्हापासून युरोपला जाणारा आंबा ४८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर बुडवावा लागतो, जपानला जाणारा गरम वाफेतून काढावा लागतो आणि अमेरिकेला जाणाऱ्याला गॅमा किरण द्यावे लागतात. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या विमानतळांवर किमान १५ मालखेपा परत फिरवण्यात आल्या, त्या तर फळात माशी सापडली म्हणूनही नव्हे. किरणप्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी आढळली म्हणून. तो आंबा तेथेच नष्ट करणे व्यापाऱ्यांनी पत्करले, कारण परत आणणे त्याहून महाग होते.

गोव्यात या साऱ्याची चर्चा फारशी होत नाही, कारण मानकुराद मोठ्या प्रमाणावर परदेशी जातच नाही. तो म्हापशाच्या आणि मडगावच्या बाजारात डझनाने विकला जातो आणि हंगामाच्या तोंडाला त्याचा दर वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येतो. पण माशीचा हिशेब निर्यातीपुरता नाही. मानकुरादाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने नावाला मोल येते, आणि नावाला मोल आले की गिऱ्हाईक कापलेल्या फळात अळी खपवून घेत नाही. एप्रिलचा मानकुराद बव्हंशी निर्मळ असतो. मेच्या उत्तरार्धात वळवाचे थेंब पडले, माती ओलावली आणि कोषांतून माशा बाहेर पडू लागल्या, की उरलेल्या फळांवर संक्रांत येते. बागायतदार मग दोनपैकी एक करतो. अपक्व फळ लवकर उतरवतो, किंवा उशिराचे फळ झाडावरच सोडून देतो. पहिल्यात चव जाते. दुसऱ्यात पुढच्या पिढीच्या माशांची सोय होते, आणि आंबा संपला की पेरू, चिकू, पपई आहेतच. या माशीला चालणाऱ्या यजमान वनस्पतींची यादी शेकड्यांत मोजावी लागते.

येथे एक साधे गणित करून पाहावे. रक्षक सापळ्याची शिफारस हेक्टरी चार अशी आहे. एका चौरस मैलात सुमारे २५९ हेक्टर येतात, म्हणजे शिफारशीप्रमाणे एक हजाराहून अधिक सापळे. रेडलँड्समध्ये एका चौरस मैलात आमिषाच्या सहाशे जागा होत्या. सापळा आणि लेप या दोन गोष्टी अगदी सारख्या नाहीत हे खरे. तरीही कागदावरची आपली शिफारस तोकडी नाही, हे यातून कळते. उणीव सलगतेची आहे. तेथे शाळा, चर्च, दुकान, रिकामा भूखंड, सरकारी कचेरी या सर्वांच्या आवारात आमिष लागते. येथे ज्याने सापळा घेतला त्याच्या बागेत तो लागतो, शेजारी लागत नाही आणि आमिषाचा वास उडून गेल्यावर तोच रिकामा डबा पुढच्या हंगामापर्यंत फांदीला डोलत राहतो.

गोव्याच्या बाबतीत शेजारी म्हणजे बहुतेकदा बंद घर. मालक लिस्बनला, लंडनला किंवा आखातात. किंवा वाटणीचा दावा न्यायालयात पडून. किंवा कोमुनिदादची जमीन, जिच्यावरील आंबा सर्वांचा आणि म्हणून कोणाचाच नाही. अशा आवारांतील झाडे फळाने लगडतात, फळे पिकून पडतात, कुजतात आणि त्यांच्याखालच्या मातीतून जूनभर माशा निघत राहतात. गावात पाच बागायतदारांनी पदरमोड करून सापळे लावले आणि मध्ये अशी दोन आवारे राहिली, तर त्या पाचांचा पैसा वाया गेला असेच समजावे. खासगी मालमत्तेच्या कुंपणाआतील कुजलेले फळ हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे कॅलिफोर्नियासारख्या मालकीहक्काबाबत हळव्या राज्याने मान्य केले. गोव्यात साचलेल्या पाण्यात डासाच्या अळ्या सापडल्या तर आरोग्य खात्याची माणसे कुंपण ओलांडून आत येतात आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. पडलेल्या आंब्याबाबत तसा विचार अद्याप झालेला नाही.

वास्तविक हे काम गोव्याएवढे सोपे दुसऱ्या कोठे क्वचितच असेल. राज्य लहान, ग्रामपंचायती १९१, कृषी खात्याची विभागीय कार्यालये तालुक्यागणिक, आणि जुन्या गोव्याला केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था. प्रत्येक पंचायतीत ठरावीक जागी चार-पाच सापळे लावून त्यांत आठवड्याला किती माशा आल्या, हे मोजून जाहीर करणे एवढ्यापासून आरंभ करता येईल. हा आकडा माशी मारण्यासाठी नव्हे, माशी कधी आणि कोठे वाढू लागली हे कळण्यासाठी हवा. पेडण्यात चढती संख्या दिसली की काणकोणातल्या बागायतदाराला फळ केव्हा उतरवायचे याचा अदमास येईल. आज तो केवळ आभाळाकडे पाहून ठरवतो. सापळ्यातील माशा मोजण्याची सवय फारशी कोणाला नाही. डबा भरला की समाधान वाटते आणि प्रश्न तेथेच संपतो.

दुसरे काम पडलेल्या फळांचे. ती रोज गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत, किंवा जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून उन्हात ठेवावीत, म्हणजे आतल्या अळ्या मरतात. वरवर माती लोटलेल्या खड्ड्यातून मात्र माशा सुखाने बाहेर येतात. सापळे, प्रथिनांचे आमिष, फळांना कागदी पिशव्या हे सारे उपाय या एका कामाच्या नंतरचे आहेत. ते काम मजुरीचे आहे, कंटाळवाणे आहे आणि त्यात उद्घाटनाची फीत कापण्यासारखे काही नाही. कदाचित म्हणूनच अनुदानाच्या योजनांत सापळ्याची किंमत धरली जाते, फळे वेचणाऱ्या हातांची धरली जात नाही.

याला एक आक्षेप योग्य आहे. फळमाशी सीमा मानत नाही. पत्रादेवी किंवा पोळेच्या नाक्यावर तिची तपासणी होत नाही. सावंतवाडी-दोडामार्गकडून, बेळगावकडून आंब्याच्या पेट्या येतात, तशा अळ्याही येतात. गोव्याने एकट्याने कितीही केले तरी माशी संपणार नाही. हे मान्य करावे. परंतु संपवणे हे येथे ध्येयच नाही. ध्येय आहे ते मेच्या उत्तरार्धात मानकुरादाचे आणखी दोन आठवडे वाचवण्याचे. आंब्याच्या भावाकडे पाहिले तर त्या दोन आठवड्यांचे मोल लहान बागायतदाराला सांगावे लागणार नाही. शिवाय सिंधुदुर्गात आणि कारवारकडे हीच माशी, हीच झाडे आणि हेच प्रश्न आहेत. तिन्हीकडचे आठवड्याचे आकडे एका पानावर आले, तर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकणारा हंगाम माशीच्या चालीसह पाहता येईल.

आणि एक गोष्ट परदेशी जाणाऱ्या गोमंतकीयांसाठी. डिसेंबर २०१९ पासून युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातूनही वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताजे फळ नेता येत नाही. सूट आहे ती अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांना. आंबा त्यात नाही. इटलीत नेपल्सच्या परिसरात ही माशी २०१८ मध्ये प्रथम आढळली, तेव्हापासून तेथील यंत्रणा अधिक सावध झाल्या आहेत. लिस्बनला लेकीकडे निघालेल्या आईच्या पिशवीतले सहा मानकुराद विमानतळावर काढून घेतले जातात, तेव्हा तिला तो अधिकाऱ्याचा आडमुठेपणा वाटतो. त्या सहांपैकी एकाच्या देठाशी सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका असतो, तो तिने घरून निघताना पाहिलेला नसतो.